साप, घोरपड, कुत्रा आणि कोबी: प्राण्यांकडून माणसात येणाऱ्या परजीवींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सापाला, पालीला किंवा सरड्याला हात लागला तर जंत होतात का?

नुसत्या स्पर्शाने होत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांचे परजीवी आपल्यात येतात ते जवळजवळ नेहमी तोंडावाटे: अर्धकच्चं मांस, न धुतलेला हात किंवा विष्ठा मिसळलेलं पाणी. शिवाय त्यांच्या पोटातले बरेच परजीवी त्यांच्याशीच बांधलेले असतात. कासवाच्या आतड्यात सुतासारखे जंत खच्चून भरलेले असले तरी ते माणसात टिकत नाहीत.

एक अपवाद म्हणजे सापाच्या अंगावरचा माइट. खसखशीच्या दाण्याएवढा हा काळा किडा खवल्यांच्या फटीत आणि डोळ्यांभोवती बसतो. साप हाताळणाऱ्याच्या मनगटावर किंवा कमरेपाशी तो चावला की खाजरं पुरळ उठतं. माणसावर तो वस्ती करत नाही, त्यामुळे साप आणि त्याची पेटी साफ झाली की पुरळही जातं. लोक महिनोन्‌महिने मलमं बदलत राहतात, पेटीकडे कोणी पाहत नाही.

पाल दुधात पडली. दूध विषारी झालं का?

घरातल्या पालीत विष नसतं. तिच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, पण तो जिवाणू आहे, परजीवी नव्हे. दूध फेकून द्या आणि भांडं साबणाने घासा. कोणी प्यायलं असेल तर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत जुलाब, ताप, पोटात मुरडा यांवर लक्ष ठेवा. लहान मूल असेल तर पाण्याचा अंश कमी होऊ देऊ नका.

प्राण्याला काहीच होत नाही आणि माणूस मात्र आजारी पडतो, असं का?

प्रत्येक परजीवीचा प्रवास ठरलेला असतो: अंडी कुठे, अळी कोणात, पूर्ण वाढ कोणाच्या पोटात. ज्याच्यात पूर्ण वाढ व्हायची त्या प्राण्याला तो सहसा फार त्रास देत नाही, कारण तो मेला तर परजीवीचंही घर गेलं. माणूस या प्रवासात बहुधा नसतोच. अळी चुकून आपल्यात येते, तिला पुढचा रस्ता सापडत नाही आणि ती यकृतात, डोळ्यात, मेंदूत, कातडीखाली भटकते किंवा गाठ करून बसते.

या वाट चुकण्याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. पहिला, अळी आपल्यात मोठी होत नाही, अंडी घालत नाही, म्हणून शौचाची तपासणी ‘नॉर्मल’ येते. दुसरा, ती आतड्यात नसते, म्हणून जंताची एक गोळी घेऊन ती पडत नाही. खालची बरीच उत्तरं याच दोन गोष्टींवर उभी आहेत.

घोरपडीचं रक्त किंवा काळीज (यकृत) दम्यावर, सांधेदुखीवर चालतं म्हणतात. त्यात धोका काय?

धोका मेंदूज्वराचा आहे. जंताचं नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस, साध्या भाषेत उंदराच्या फुप्फुसातला जंत. पूर्ण वाढलेला जंत उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात, गोगलगाय ती लेंडी खाते, गोगलगायीला घोरपड, बेडूक किंवा खेकडा खातो. घोरपडीत अळी वाढत नाही, फक्त मांसात आणि काळजात साठत जाते. ते काळीज कोणी ‘औषध’ म्हणून कच्चं गिळलं की अळ्या रक्तातून थेट मेंदूकडे निघतात. उंदरातही त्या मेंदूतूनच जातात, पण तिथून फुप्फुसात पोचतात. माणसात मात्र मेंदूच्या आवरणातच अडकून मरतात आणि तिथे सूज येते.

केरळमध्ये घोरपडीचं कच्चं मांस किंवा काळीज खाल्ल्यानंतर असा मेंदूज्वर झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. खाल्ल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत डोकं फुटेल असं दुखतं, मान आखडते, उलट्या होतात. अंगावर मुंग्या येतात, कुठे कुठे नुसतं कापड लागलं तरी दुखतं. ताप किरकोळ असतो किंवा नसतोच, आणि नेमकं तिथेच निदान चुकतं. पाठीतून पाणी काढून तपासलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशींपैकी दहा टक्के किंवा जास्त इओसिनोफिल (परजीवी किंवा ॲलर्जी असली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतात.

उपचार म्हणजे वेदनाशामक, स्टेरॉइड आणि डोक्यातला दाब उतरवण्यासाठी गरज पडेल तसं पाठीतून पाणी काढणं. जंतनाशकाबद्दल डॉक्टर सावध असतात, कारण अळ्या एकदम मेल्या तर सूज वाढू शकते. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण डोकेदुखी आठवडेच्या आठवडे रेंगाळते.

आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार म्हणजे तीन ते सात वर्षं कैद. दमा तिच्या काळजाने जात नाही, इनहेलरने आटोक्यात राहतो.

पावसाळ्यात मुलं शंखी गोगलगायी हातात घेतात. त्याने हाच आजार होतो का?

हातात घेतल्याने सहसा नाही, पण तो हात न धुता तोंडात गेला तर शक्य आहे. शेतातल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरा. पालेभाजीच्या जुडीत चिंचोक्याएवढी गोगलगाय लपलेली असते, म्हणून कोशिंबिरीचं पान एकेक सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवा.

सापाच्या मांसातून काय होतं?

सापाच्या फुप्फुसात जिव्हाकृमी राहतात. नावात कृमी असलं तरी हे खेकडा-कोळंबीच्या नात्यातले जीव आहेत. आफ्रिकेतल्या अजगर आणि घोणसवर्गीय सापांतला आर्मिलिफर त्यांत सर्वाधिक परिचित. त्याची मादी १० सेंटिमीटरच्या आसपास लांब, अंगावर मण्यांच्या माळेसारखी वळी. अंडी सापाच्या लाळेतून आणि विष्ठेतून बाहेर पडतात. साप सोलताना ती हाताला लागतात, किंवा मांस नीट न शिजवता खाल्लं तर पोटात जातात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, आणि आग्नेय आशियातही, हे प्रकार घडतात.

बहुतेकांना काही जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत स्वल्पविरामाच्या आकाराचे चुनखडी ठिपके दिसतात आणि डॉक्टर चक्रावतात. अळी डोळ्यात गेली तर मात्र दृष्टी जाऊ शकते. काँगोच्या सांकुरू भागातून असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. खात्रीचं औषध नाही, त्रास असेल तर शस्त्रक्रिया.

आपल्याकडे साप खाणारे विरळा, पण सर्पमित्र गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी एवढंच: सापाने हातावर विष्ठा केली तर पुढचा फोन घेण्याआधी साबण, आणि सापाची पिशवी घरच्या कपड्यांत धुवायची नाही.

गोव्यात पावसाळ्यात बेडूक खातात. शिजवून खाल्लं तर काय बिघडलं?

पूर्ण शिजलं तर परजीवी मरतात. पण ‘जंपिंग चिकन’ म्हणून विकला जाणारा मोठा बेडूक कायद्याने संरक्षित आहे, पकडणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. भारताने बेडकाच्या पायांची निर्यात १९८७ मध्येच थांबवली.

परजीवीचं नाव स्पायरोमेट्रा. पूर्ण वाढलेली पट्टकृमी कुत्र्या-मांजराच्या आतड्यात, पहिली अळी सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक किड्यात, दुसरी बेडकात किंवा सापात. माणसात ती पांढऱ्या फितीसारखी कातडीखाली सरकत राहते: आज मांडीवर गाठ, महिन्याने पोटावर. क्वचित मेंदूत. गोळ्यांना फारशी दाद देत नाही, चिरा देऊन डोक्यासकट ओढून काढावी लागते. डोकं आत राहिलं तर पुन्हा वाढते.

गंमत म्हणजे बेडूक न खाताही ती होते. चीन आणि व्हिएतनाममध्ये सुजलेल्या डोळ्यावर बेडकाच्या ओल्या मांसाचं पोटीस बांधण्याची रीत होती, अळी थेट डोळ्यात शिरायची. विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी न गाळता पिणं ही तिसरी वाट. दुपदरी सुती कापडाने गाळलं तर सायक्लॉप्स अडकतो, उकळलं तर प्रश्नच नाही.

खेकड्यांचं कालवण करताना नांग्या वाटून रस घालतो. तो कच्चाच असतो ना?

रस कालवणात पडून खळखळून उकळतो, तिथे अडचण नाही. अडचण पाट्यावर किंवा मिक्सरच्या भांड्यात आहे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसकृमीच्या अळ्या असू शकतात. त्या वाटल्याने सगळ्या मरतात असं नाही. त्याच भांड्यात नुसतं विसळून कोथिंबिरीची चटणी वाटली, तर अळ्या त्या कच्च्या चटणीतून पोटात जातात. मग करायचं काय? आधी चटणी वाटा, मग नांग्या. भांडं, गाळणी आणि सुरी उकळतं पाणी ओतून साबणाने घासा. रस घातल्यावर कालवण किमान पाच मिनिटं उकळू द्या.

या कृमीचा आजार भारतात मुख्यत्वे मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत दिसतो. खोकल्यातून तपकिरी, गंजासारखं रक्त पडतं आणि रुग्णाला क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जातात. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, औषधांनी फरक नाही आणि खेकडे खाण्याचा इतिहास आहे, असं असेल तर डॉक्टरांना खेकड्यांचं सांगा. निदान झालं की प्राझिक्वांटेल दोन-तीन दिवसांत काम करतं.

कोबीतला किडा डोक्यात जातो हे खरं का?

कोबीत दिसणारी हिरवी अळी पतंगाची असते. ती चुकून खाल्ली तर पचून जाते. डोक्यात गाठी करते ती डुकराची पट्टकृमी, आणि तिची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत.

इथला गोंधळ मुळातून समजून घ्या. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं की माणसाच्या आतड्यात काही मीटर लांब पट्टकृमी वाढते. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती अंडी, डुकराचं मांस नव्हे, ज्याच्या पोटात जातात त्याच्या मेंदूत गाठी होतात. म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही फिट येऊ शकते: कोबी, कोथिंबीर, गाजर सांडपाण्यावर पिकलेलं असेल, किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्याच पोटात कृमी असेल आणि तो हात न धुता कणीक मळत असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ज्या भागांत हा आजार रुजलेला आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं.

मीठ, हळद, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट यांपैकी कशानेही ही अंडी खात्रीने मरत नाहीत. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका, उरलेला गड्डा चिरण्याआधी पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळा. अंडी मारता येत नसली तरी धुऊन काढता येतात. शिजवलं तर मरतात. डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे फुगे दिसले तर ते घेऊ नका. कुकरच्या तीन-चार शिट्ट्या हे आपल्या स्वयंपाकघरातलं सर्वांत भरवशाचं जंतनाशक आहे; भट्टीवर भाजलेला, आतून गुलाबी राहिलेला तुकडा तसा नाही.

यकृतात ‘पाण्याची गाठ’ निघाली. डॉक्टर म्हणाले कुत्र्यामुळे. आमच्याकडे तर कुत्रा नाही.

स्वतःचा कुत्रा लागत नाही. ही गाठ म्हणजे हायडॅटिड आजार. त्याची पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात असते, अवघी तीन ते सात मिलिमीटर. एका कुत्र्यात हजारो असतात आणि कुत्रा धडधाकट दिसतो. अंडी विष्ठेतून माती, गवत, भाजी, पाणी आणि कुत्र्याच्या स्वतःच्या केसांवर जातात. शेळी-मेंढी ते गवत खाते, तिच्या काळजात किंवा फुप्फुसात गाठ होते, कापल्यावर ते काळीज कुत्र्याला टाकलं की चक्र पूर्ण. आपण मध्येच अंडं गिळतो.

बोकड-मेंढरू कापताना ही गाठ ओळखता येते. फुप्फुसात किंवा काळजात पांढरट, जाड सालीचा, दाबला तर तणतणीत लागणारा फुगा. आत नितळ पाणी आणि तळाला बारीक रेतीसारखे कण. ते कण म्हणजेच पुढच्या कृमींची डोकी, एकेका कणातून कुत्र्यात एक कृमी होऊ शकते. असा फुगा दिसला की फोडायचा नाही आणि कुत्र्याकडे भिरकवायचाही नाही. तो अवयव अर्धा तास उकळा, किंवा कुत्रे उकरू शकणार नाहीत इतका खोल पुरा. जत्रेच्या दिवशी पन्नास बोकडं पडतात आणि वजडी-फुप्फुसांचा ढीग ओढ्याकाठी राहतो. या आजाराचा खरा कारखाना तिथे आहे.

माणसात दहापैकी सात गाठी यकृतात, दोन फुप्फुसात. गाठ वर्षाला एक ते पाच सेंटिमीटर वाढते आणि कित्येक वर्षं गप्प बसते, म्हणून ‘आता कुत्रा नाही’ याला अर्थ नाही. दहा वर्षांपूर्वीचा कुत्राही पुरतो. सोनोग्राफीत गाठीच्या टप्प्यावरून उपचार ठरतो: अल्बेंडाझोल महिनोन्‌महिने, सुईने पाणी काढून आत औषध सोडून पुन्हा काढणं, शस्त्रक्रिया, किंवा मेलेली गाठ असेल तर नुसतं लक्ष ठेवणं. अनोळखी ठिकाणी ‘सुई घालून पाहू’ असं कोणी म्हणालं तर आधी हायडॅटिडची शंका बोलून दाखवा. गाठ आत फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि बी पोटभर पसरतं.

कुत्र्याला प्राझिक्वांटेल किलोमागे पाच मिलिग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅम. मेंढपाळाच्या किंवा कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी, कारण गिळलेली कृमी अंडी घालू लागायला साधारण तेवढाच वेळ घेते. तीन महिन्यांनी दिलं तर मधले सहा आठवडे तो अंडी पसरवत फिरतो. डोळ्यांनी अंदाज न करता कुत्र्याचं वजन करा: त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

घरी नवीन पिल्लू आणलंय, मूल दोन वर्षांचं आहे.

पिल्लाला आईच्या पोटातच गोलकृमी होतात, म्हणून प्रत्येक पिल्लाला ते आहेत असंच धरा. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात जंतनाशक, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, नंतर दर तीन महिन्यांनी. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधक नसतात, मातीत दोन ते चार आठवड्यांनी होतात. त्यामुळे रोज विष्ठा उचलली तर अर्धं काम झालं. घरच्या कंपोस्टमध्ये ती टाकू नका, तिथे अंडी मरण्याइतकी उष्णता होत नाही. मुलांच्या रेतीच्या खड्ड्यावर रात्री ताडपत्री घाला.

समुद्रावर बसून आल्यावर पायावर नागमोडी, खाजणारी रेघ उठली आहे.

कुत्र्या-मांजराच्या हुककृमीची अळी. ओल्या वाळूतून कातडीत शिरते, रोज थोडी थोडी पुढे सरकते, खोल जाऊ शकत नाही. नखाने किंवा गरम सुईने टोचू नका, रेघ दिसते तिथे अळी नसते, ती थोडी पुढे असते. डॉक्टर आयव्हरमेक्टिनचा एक डोस किंवा अल्बेंडाझोल तीन दिवस देतात. पुढच्या वेळी चटई आणि चप्पल.

सून गरोदर आहे. मांजर सोडून यायचं का?

नको. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीची. मांजर त्याच्या अंडपेशी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे टाकते, आणि त्या विष्ठेत एक ते पाच दिवसांनी बाधक होतात. म्हणून ट्रे रोज, आणि घरातल्या दुसऱ्या कोणी साफ करावा. तिलाच करावा लागला तर हातमोजे, मग साबण. सॅनिटायझर आणि ब्लीच या अंडपेशींवर चालत नाहीत, ट्रेवर उकळतं पाणी चालतं. मांजराला कच्चं मटण देऊ नका. आणि घरात मांजर नसलं तरी अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली पालेभाजी यातूनही हाच संसर्ग होतो, हे मांजराला हाकलणारे विसरतात.

गुरांचा सर्रा हा आजार माणसाला होतो का?

पुस्तकी उत्तर ‘नाही’ असं होतं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. पाच महिने ताप चढत-उतरत होता. भारतातली ती पहिली नोंद. सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेकडून आणून त्यांना बरं केलं गेलं. नंतर कळलं की बहुतेक माणसांच्या रक्तात हा परजीवी मारणारं एपीओएल-१ हे प्रथिन असतं आणि त्यांच्यात ते नव्हतं. गावकऱ्यांची तपासणी झाली, पण आणखी कोणाच्या रक्तात परजीवी मिळाला नाही. सर्रा झालेल्या जनावराचं रक्त हाताच्या जखमेला लागू देऊ नका, एवढी काळजी पुरे.

घरात कासव किंवा इग्वाना (मोठा परदेशी सरडा) पाळलाय. काय काळजी घ्यावी?

आधी तो पाळणं कायदेशीर आहे ना ते पाहा. तारा कासव आणि देशी साप पाळता येत नाहीत. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका. तिच्यासाठी बादली आणि ब्रश वेगळे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात कासव देऊ नका; अमेरिकेत चार इंचांखालच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे ती मुलांना साल्मोनेला होतो म्हणूनच.

वर्षातून दोनदा सगळे जंताची गोळी घेतो. मग चिंता नाही ना?

४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल माणसाच्या आतड्यातल्या नेहमीच्या जंतांसाठी आहे. वर सांगितलेल्या भटक्या अळ्यांसाठी तो एक डोस पुरत नाही. ज्याला फिट येऊन गेली आहे, त्याने तर ती आपल्या मनाने घेऊच नये. मेंदूतल्या गाठी एकदम मेल्या तर सूज येऊन फिट वाढतात, आणि गाठ डोळ्यात असेल तर दृष्टी जाऊ शकते. आधी स्कॅन, डोळ्यांची तपासणी, मग स्टेरॉइडच्या आडोशाने औषध.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं?

लक्षणं ते विचारतीलच. न विचारलेलं तुम्ही सांगा: गेल्या तीन महिन्यांत कच्चं किंवा अर्धकच्चं काय खाल्लं, ‘गावठी औषध’ म्हणून काय घेतलं, कोणती जनावरं हाताळली, कुठलं पाणी प्यायलं, लहानपणी घरी कुत्रा होता का. घोरपडीचं सांगायला लोक कायद्याच्या भीतीने कचरतात आणि आजाराचं निदान आठवडाभर लांबतं.

रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिलचा प्रत्यक्ष आकडा मागा, नुसती टक्केवारी नको. मायक्रोलिटरला ५०० च्या वर असेल तर कारण शोधायला हवं. दमा, ॲलर्जी आणि काही औषधांनीही तो वाढतो. उलट, मेंदूतल्या किंवा यकृतातल्या जुन्या गाठीत तो अगदी सामान्य असू शकतो, म्हणून आकडा चांगला आला तरी सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगितलं असेल तर ते टाळू नका. अंगातून काही बाहेर पडलं असेल, फितीसारखं किंवा दोऱ्यासारखं, तर ते स्वच्छ बाटलीत मिठाच्या पाण्यात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्या. टिश्यूत गुंडाळून आणलेला तुकडा वाळून चिकटतो आणि मग तो काय होता हे कोणालाच सांगता येत नाही.